सांगलीत ट्रकला ‘आयशर’ का म्हणतात

सांगलीच्या मार्केट यार्डात भाड्याच्या गाडीची चौकशी करा, समोरून ठरलेला प्रश्न येतो : ‘‘काय पाहिजे? छोटा हत्ती, चारशेसात, आयशर का दहा टायर?’’ एक टोपणनाव, एक मॉडेलचा आकडा, एक टायरची मोजणी आणि एक चक्क कंपनीचं नाव. गाडी टाटाची असो नाहीतर लेलँडची, सहा टायरची आणि मधल्या मापाची असली की ती इथे आयशरच. पेपरातल्या अपघाताच्या बातमीतही ‘आयशर टेम्पो’च असतो. गंमत म्हणजे ‘टेम्पो’ हेही कंपनीचंच नाव. हॅम्बुर्गच्या टेम्पोची तीनचाकी पुण्याच्या बजाज टेम्पोने इकडे आणली आणि ते नाव मराठीत मालवाहू गाडीला कायमचं चिकटलं. आयशरही मूळची जर्मन, ट्रॅक्टरवाली.

महिंद्राने २०२५ मध्ये एसएमएल इसुझू ही ट्रक-बस बनवणारी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हापासून या मधल्या ट्रकच्या बाजाराची पुन्हा चर्चा आहे. ती समजायला सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात अर्थात टाटांची. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये मर्सिडीजवाल्या डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. करार १५ वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि तिथे ‘टी’ आला. पुढची १२१० म्हणजे १२ टन आणि साधारण १०० अश्वशक्ती. आकडे वाचायची ही रीत आजही चालते. तेव्हा मोठा ट्रक घ्यायचा तर टाटा नाहीतर लेलँड, आणि खाली मॅटाडोरसारखी छोटी गाडी. मध्ये फारसं काही नव्हतंच.

ही पोकळी भरायला १९८० च्या दशकात चार जपानी जोड्या उतरल्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. गाड्या हलक्या, चालवायला सोप्या, तेलाला बेताच्या. पण १९८५ नंतर येन भराभर महागला आणि जपानहून येणाऱ्या सुट्या भागांची किंमत डोक्यावर बसली. त्यात १९८६ मध्ये टाटांनी ४०७ आणली. ती देशी होती आणि सुटे भाग जागोजागी मिळत होते. जपानी पाहुण्यांची कंबर तिने मोडली असं म्हटलं तर फार चुकायचं नाही. डीसीएम-टोयोटा पुढे कोरियाच्या देवूकडे गेली, ऑल्विन-निस्सान महिंद्राकडे.

मग आयशर कशी टिकली? फरिदाबादला १९५९ पासून त्यांचे ट्रॅक्टर निघत होते, त्यामुळे नाव शेतकऱ्याला नवं नव्हतं. १९८६ मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला मित्सुबिशीचा कँटर हा हलका ट्रक बनू लागला. टाटांच्या मोठ्या गाडीतलं ६९७ इंजिन सहा सिलिंडरचं, ५.७ लिटरचं, कँटरचं चार सिलिंडरचं, ३.३ लिटरचं. डिझेलचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या मालकाला हा फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. माझ्या मते खरी चाल मात्र त्यानंतरची. कंपनी टाटांशी खाली ४०७ च्या मापात झुंजत बसली नाही, वर मोठ्या ट्रकमध्येही घाईने घुसली नाही. एकेक पायरी चढत १०.९०, ११.१० अशा दहा-अकरा टनी गाड्या तिने आणल्या आणि मधल्या जागेत बस्तान बसवलं.

ती जागा सांगलीला का भावली, ते हंगामात यार्डात रात्री उभं राहिलं की कळतं. बेदाण्याचा बॉक्स १५ किलोचा. हमाल खांद्यावरून आणून थरावर थर लावतात, फाळका लागतो, ताडपत्री ओढून दोर आवळला जातो. व्यापाऱ्याचा माल बहुतेक वेळा पाच-सात टन असतो. चारशेसातमध्ये तो मावत नाही आणि दहा टायर भरायला आणखी दोघांच्या मालाची वाट बघावी लागते. द्राक्षाला तर वाट बघणं परवडतच नाही. संध्याकाळी भरलेली गाडी पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी करत पहाटेपर्यंत वाशीला पोचायला हवी. हळदीची तेवढी घाई नसते, पण मोठी गाडी अर्धी रिकामी पाठवायची हौस तिच्या व्यापाऱ्यालाही नाही. म्हणून गाडी घेणारा इथे कंपनीच्या आधी एकच विचारतो : ‘‘पासिंग किती?’’ म्हणजे कायद्याने वजन किती चालतं. (गाडी म्हातारी झाली की तिची रवानगी उसाला, हेही ठरलेलं.)

२००८ मध्ये आयशरने व्होल्वोशी भागीदारी केली. वाट मोठ्या ट्रकची होती, तरी पाया मधल्याच गाड्यांचा राहिला. हलक्या-मध्यम ट्रकच्या गटात कंपनीचा वाटा आज सुमारे एक तृतीयांश आहे आणि २०२४-२५ या वर्षात भागीदारीच्या ट्रक-बसची एकूण विक्री ९० हजारांवर गेली. दरम्यान डायमलर परत आली, या वेळी टाटांशिवाय. २०१२ पासून चेन्नईजवळ ओरगडमला भारतबेंझ बनू लागली आणि तिच्या मध्यम गाड्यांचा सांगाडा होता फुसोचा, म्हणजे आयशरला कँटर देणाऱ्या मित्सुबिशीच्याच घराण्यातला.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन अ‍ॅक्सलची गाडी १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. त्याच गाडीत जास्त माल कायदेशीर बसू लागल्यावर नवी कोण घेणार? त्यात कर्ज महागलं, मंदी आली, धुराचे बीएस-६ हे कडक नियम तोंडावर आले. २०१९-२० मध्ये मध्यम आणि अवजड गाड्यांची विक्री ४० टक्क्यांहून अधिक घसरली. जून २०२५ पासून तर नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित हवी असा नियम आहे. चालकाला इंजिनाच्या उष्म्यातून सुटका मिळाली, मालकाच्या हप्त्यात भर पडली.

आता महिंद्राकडे वळू. साडेतीन टनांखालच्या मालवाहू गाड्यांत त्यांचा वाटा निम्म्याहून जास्त, त्याच्या वर मात्र तो जेमतेम ३ टक्के होता. अमेरिकेच्या नॅविस्टारशी ट्रकसाठी केलेली भागीदारी मोडली, २०१९ मध्ये आणलेली मधल्या मापाची फ्युरिओही मोठी जागा मिळवू शकली नाही. म्हणून ५५५ कोटी रुपये मोजून एसएमएल इसुझूचा जवळपास ५९ टक्के हिस्सा घेतला. त्याने वाटा दुप्पट, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास जातो. २०३६ पर्यंत २० टक्क्यांपुढे जायचं असं त्यांनी जाहीर केलं आहे. आणि ही एसएमएल म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून ती जुनी स्वराज-माझदा. चार जपानी जोड्यांपैकी ऑल्विन-निस्सान महिंद्राने आधीच गिळली होती, ही दुसरी.