वेबहुक (व्यावसायिक संदेशसेवेतील)

संदेशसेवेच्या सर्व्हरवर एखादी घटना घडताच तिची माहिती त्या सेवेने स्वतःहून व्यावसायिकाच्या सर्व्हरकडे पोहोचवण्याची व्यवस्था म्हणजे वेबहुक. ग्राहकाचा संदेश आला, व्यावसायिकाने पाठवलेला संदेश पोहोचला, वाचला गेला किंवा वाटेत अडला, की सेवा नोंदवलेल्या पत्त्यावर एचटीटीपीची (वेबवरील देवाणघेवाणीच्या पद्धतीची) पोस्ट विनंती, म्हणजे माहिती सोबत घेऊन येणारी विनंती, धाडते. ‘नवे काही आले का’ असे सर्व्हरला पुन्हा पुन्हा विचारत राहावे लागत नाही. ही संज्ञा जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केली. मेटा कंपनीने व्हॉट्सॲपची क्लाउड एपीआय (आपल्या प्रोग्रामला व्हॉट्सॲपशी जोडणारी, मेटाच्याच सर्व्हरवर चालणारी सोय) मे २०२२ मध्ये सर्व व्यावसायिकांसाठी खुली केली आणि मार्च ते मे या हंगामात मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवणारे देवगड-रत्नागिरीचे हापूस बागायतदार किंवा तारकर्लीत निवास-न्याहारी चालवणारी कुटुंबे यांनाही ही सोय आवाक्यात आली.

उभारणीसाठी सर्व्हरला एचटीटीपीएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणीचा) पत्ता आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. स्वतःच स्वाक्षरी केलेले प्रमाणपत्र मेटा स्वीकारत नाही. पत्ता नोंदवताना व्यावसायिक आपल्या पसंतीचे एक पडताळणी टोकन, म्हणजे खुणेचा शब्द, देतो. मेटा लगेच त्या पत्त्यावर गेट विनंती (उत्तर मागणारी विनंती) पाठवते व तिच्यात हेच टोकन आणि एक आव्हान-मूल्य असते. टोकन जुळले तर सर्व्हरने ते मूल्य जसेच्या तसे परत करावे, न जुळल्यास ४०३ हा नकार द्यावा. त्यानंतर ‘मेसेजेस’ या क्षेत्राचे, म्हणजे संदेशविषयक घटनांच्या गटाचे, सदस्यत्व घ्यावे लागते. ते राहून गेले तर पत्ता पडताळलेला असूनही एकही संदेश येत नाही.

पडताळणी टोकन म्हणजेच सुरक्षा, हा समज मात्र घातक आहे. हे टोकन केवळ नोंदणीच्या वेळी तपासले जाते, पुढे येणाऱ्या संदेशांबरोबर ते नसते. वेबहुकचा पत्ता जगाला उघडा असतो आणि तो ज्याला कळला, त्याला मेटाच्या संदेशासारखा दिसणारा मजकूर तिथे टाकता येतो. ‘माझ्या पेट्या ठाण्याऐवजी या नव्या पत्त्यावर पाठवा’ असा जुन्या गिऱ्हाइकाच्या क्रमांकाचा बनावट संदेश आपोआप नोंदवला गेला, तर माल गेल्यावरच फसवणूक उघड होते.

खरे संरक्षण स्वाक्षरीचे असते. मेटा प्रत्येक विनंतीबरोबर ‘एक्स-हब-सिग्नेचर-२५६’ या शीर्षकाखाली विनंतीच्या मजकुरावरून व मेटाकडे नोंदवलेल्या ॲपच्या गुप्त किल्लीवरून काढलेली एचमॅक-शा-२५६ स्वाक्षरी (किल्ली असणाऱ्यालाच काढता येणारा सांकेतिक ठसा) पाठवते. एचमॅकची पद्धत १९९७ साली आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडली गेली. सर्व्हरने तीच किल्ली वापरून स्वतः स्वाक्षरी काढावी, दोन्हींची तुलना स्थिर वेळ घेणाऱ्या (जुळो वा न जुळो, सारखाच वेळ लावणाऱ्या) फंक्शनने करावी आणि न जुळणारी विनंती तिथेच फेटाळावी. येथे मराठी संदेशांपुरती एक अडचण हमखास येते. स्वाक्षरी ज्या मजकुरावर काढलेली असते त्यात देवनागरी अक्षरे सांकेतिक रूपात असतात; उदाहरणार्थ, ‘आंबा’मधला ‘आ’ युनिकोडच्या ०९०६ या क्रमांकाने लिहिलेला असतो. सर्व्हरने आलेला जेसन (माहिती ठरावीक रचनेत मांडणारा मजकूर) आधी उलगडून पुन्हा जोडला, तर ही अक्षरे बहुधा वेगळ्या रूपात बाहेर पडतात आणि स्वाक्षरी चुकते. रोमन लिपीतली चाचणी पार पडते, पण ‘दोन पेट्या पाठवा’ असा देवनागरी संदेश आला की तो बनावट ठरतो. म्हणून मजकूर बाइट न बाइट जसा आला तसा राखून स्वाक्षरी त्यावरच तपासावी आणि चाचणीत देवनागरी संदेश अवश्य घ्यावा. तपासणी अडते म्हणून ती बंद करणे, हा तर सर्वांत वाईट उपाय.

टेलिग्रामची रीत निराळी आहे: तिथे वेबहुक नोंदवताना दिलेले गुप्त टोकन प्रत्येक विनंतीच्या शीर्षकात परत येते व सर्व्हर ते तपासतो.

संदेश मिळताच सर्व्हरने २०० हे ‘मिळाले’ अशा अर्थाचे उत्तर द्यावे, संदेश रांगेत ठेवावा आणि ऑर्डर नोंदवणे, साठा पाहणे ही कामे मागाहून करावीत. उत्तर न मिळाल्यास मेटा वाढत्या अंतराने ७ दिवसांपर्यंत पुन्हा प्रयत्न करते. किनाऱ्यावर ही मुदतही अपुरी पडू शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांतील अनेक गावे आठवड्याहून अधिक काळ विजेविना होती. त्यामुळे वेबहुकचा सर्व्हर दुकानातल्या संगणकावर न ठेवता बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवणेच योग्य. उशिराचा आणखी एक तोटा असा, की ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासच मोकळेपणी उत्तर देता येते, पुढे केवळ पूर्वमंजूर साच्यातला संदेश चालतो.

पुन्हा पाठवण्यामुळे एकच संदेश दोनदा येऊ शकतो. प्रत्येक संदेशाचा स्वतंत्र ओळखक्रमांक असतो; तो डेटाबेसात नोंदवून दुसऱ्यांदा आलेला टाळला नाही, तर एका ऑर्डरवर दुप्पट पेट्या रवाना होतात. हीच नोंद सुरक्षेच्याही कामी येते, कारण वरील स्वाक्षरीच्या शीर्षकात वेळेचा शिक्का नसतो आणि कोणी खरी विनंती टिपून तशीच पुन्हा धाडली तर स्वाक्षरी जुळते; ओळखक्रमांकाची नोंद तिला अडवते.

गुप्त किल्ली प्रोग्रामच्या मजकुरात लिहू नये आणि ती फुटल्याचा संशय येताच बदलावी. वेबहुकमधून येणारे दूरध्वनी क्रमांक, नावे व घरचे पत्ते ही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या अर्थाने वैयक्तिक माहिती आहे. त्रुटी शोधण्यासाठी साठवलेल्या सर्व्हरच्या नोंदींतही ती उतरते, म्हणून काम झाल्यावर त्या नोंदीही पुसाव्यात.