एजंटने परीक्षा दिली, आता तुम्ही काय तपासायचं? – आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हल्ली ऑफिसला आलेले लोक बसायच्या आधीच विचारतात, "तुम्ही ती रेराची परीक्षा दिलीये का?" बरं वाटतं ऐकून. पण पुढचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, की परीक्षा दिली म्हणजे नक्की काय झालं आणि त्यामुळे माझे पैसे किती सेफ झाले. तेवढ्यासाठीच हे पत्रक केलंय. निवांत वाचा, घरच्यांना पण वाचायला द्या, आणि साईट बघायला जाल तेव्हा मोबाईलमध्ये असू द्या.

आधी परीक्षेचं सांगतो. रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा, बिल्डर आणि एजंटांवर नियम लावणारा कायदा. तो 2016 चा, आणि 1 मे 2017 पासून तो पूर्णपणे लागू झाला. तेव्हापासून रेरा नोंदणी असलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मदत करणाऱ्या एजंटला महारेराकडे, म्हणजे हा कायदा महाराष्ट्रात राबवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते. पण सुरुवातीची काही वर्षं कसं होतं, की फॉर्म भरा, फी भरा (एकट्या माणसाला 10,000 रुपये आणि फर्म किंवा कंपनी असेल तर 1 लाख), झाला नंबर तयार. कार्पेट एरिया म्हणजे काय हे सुद्धा धड न सांगता येणारे लोक नंबर घेऊन फिरत होते, खोटं कशाला बोला. मग जानेवारी 2023 मध्ये महारेराने ऑर्डर काढली की आधी ट्रेनिंग घ्या, मग परीक्षा पास व्हा, ते सर्टिफिकेट मिळालं तरच नवीन नोंदणी. आणि ज्यांच्याकडे आधीपासून नंबर होता त्यांनाही यातून सुटका नाही, त्यांनी पण परीक्षा देऊन सर्टिफिकेट वेबसाईटवर अपलोड करायचं. मुदत एकदा वाढवून दिली, शेवटी 1 जानेवारी 2024 ही तारीख ठरली, आणि त्यानंतर ज्यांनी सर्टिफिकेट दिलं नाही अशा सुमारे 20,000 एजंटांची नोंदणी स्थगित केली गेली. यात तीस-तीस वर्षं धंद्यात असलेली मंडळी पण होती, "आता या वयात काय परीक्षा द्यायची" म्हणून बसून राहिलेली. बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये जे तुम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवतात त्यांच्यासाठी पण हे सर्टिफिकेट लागू केलंय, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

परीक्षा आयबीपीएस घेते, तीच बँकेच्या परीक्षा घेणारी संस्था. कॉम्प्युटरवर असते, पर्याय निवडायचे असतात. खूप अवघड आहे असं नाही, अभ्यास केला तर पास होता येतं. आमचं स्पष्ट मत सांगायचं तर परीक्षेने एजंट प्रामाणिक होत नाही, पण "मला नियम माहीत नव्हता" ही पळवाट मात्र बंद होते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने तेवढं पण कमी नाही.

मग तुम्ही काय बघायचं. एजंटचा महारेरा नंबर इंग्रजी ए अक्षराने सुरू होतो आणि प्रोजेक्टचा पी ने. काही लोक व्हिजिटिंग कार्डवर बिल्डरच्या प्रोजेक्टचा पी वाला नंबर छापतात आणि ग्राहकाला वाटतं हा यांचाच नंबर. तर ए वाला नंबर मागा, महारेराच्या वेबसाईटवर टाका, नाव जुळतंय का, नोंदणी चालू आहे की मुदत संपलीये ते बघा. नोंदणी पाच वर्षांची असते, नंतर रिन्यू करावी लागते. आमचा नंबर दारावर लावलाय आणि या पत्रकाच्या मागे पण आहे, तो पण तपासा, आम्हाला अजिबात राग येणार नाही.

आता एक गोष्ट जी आमचेच काही व्यवसायबंधू सांगत नाहीत. रेराची नोंदणी लागते ती रेरामध्ये नोंदलेल्या प्रोजेक्टच्या विक्रीसाठी. तुम्ही कोणाकडून जुना फ्लॅट रिसेलमध्ये घेताय किंवा भाड्याने घर शोधताय तर तिथे एजंटकडे रेरा नंबर असायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे "आमच्याकडे रेरा आहे" असं सांगून कोणी रिसेलच्या डीलवर विश्वास मागत असेल तर तो विश्वास कागद बघूनच द्या. रिसेलला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या ॲग्रीमेंटची साखळी, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा), कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आणि ओसी (इमारतीत राहायला जायची महापालिकेची परवानगी) आहे की नाही, हे सगळं वकिलाला दाखवा. वकिलाची फी वाचवून कोणाचं भलं झालेलं आम्ही तरी बघितलं नाही.

रेरा नंबर असला म्हणजे सगळं सोनं असंही नाही. कल्याण-डोंबिवलीतलं 65 इमारतींचं प्रकरण पेपरात खूप आलं होतं, महापालिकेच्या परवानगीचे बनावट कागद लावून रेरा नंबर मिळवले होते आणि मुंबई हायकोर्टाने 2024 मध्ये त्या इमारती पाडायचे आदेश दिले. तिथल्या लोकांनी नंबर बघूनच घरं घेतली होती, कर्ज काढून. म्हणून आम्ही सांगतो की वेबसाईटवरचं बांधकाम परवानगीचं पत्र डाउनलोड करा आणि महापालिकेत किंवा त्या त्या प्लॅनिंग ऑफिसमध्ये खरं आहे का ते विचारा. एक चक्कर होते, कधी दोन, पण घर आयुष्यात एकदाच घेतो ना आपण.

महारेराच्या वेबसाईटवर प्रोजेक्टच्या पानावर अजून बरंच असतं. घर ताब्यात द्यायची तारीख काय होती आणि ती किती वेळा पुढे गेली, जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात केस चालू आहे का, किती फ्लॅट विकले गेले, एजंट कोण कोण आहेत. हो, बिल्डरने आपल्या एजंटांची नावं तिथे द्यायची असतात. तुम्हाला साईटवर नेणारा माणूस त्या यादीत नसेल तर विचारा का नाही. आणि बिल्डरच्या जाहिरातीत क्यूआर कोड असलाच पाहिजे, 1 ऑगस्ट 2023 पासून सक्ती आहे, स्कॅन केला की थेट हे पान उघडतं. कोड नसलेली जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरत असेल, "प्री लॉन्च, फक्त आजचा दिवस" वगैरे, तर ती सरळ डिलीट करा. नोंदणीच्या आधी जाहिरात करायची नाही आणि बुकिंगही घ्यायचं नाही असा कायदा आहे, जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असले की नोंदणी लागतेच. आणि नोंदणी नसलेल्या अशा प्रोजेक्टमध्ये एजंटने विक्री करून दिली तर एजंटला दिवसाला 10,000 रुपये दंड, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. त्यामुळे आम्ही प्री लॉन्चला नाही म्हणतो तेव्हा आम्ही भाव खात नसतो, आम्हाला पण आमची दुकानदारी चालू ठेवायचीये.

पैशाचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, तो पाठ करा. ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. "अजून पाच भरा, मग रजिस्ट्रेशन करू" असं कोणी म्हटलं, आमच्यातला कोणी म्हटलं तरी, ऐकू नका. आणि चेक कोणाच्या नावाने काढताय ते बघा. 1 जुलै 2024 पासून प्रत्येक प्रोजेक्टला एकाच बँकेत तीन खाती ठेवावी लागतात, ग्राहकांचे सगळे पैसे आधी कलेक्शन खात्यात येतात, त्यातले 70 टक्के बांधकाम आणि जमिनीच्या खर्चासाठीच्या वेगळ्या खात्यात जातात आणि बाकीचे तिसऱ्या खात्यात. ॲग्रीमेंटमध्ये त्या कलेक्शन खात्याचा नंबर असतो. एजंटच्या पर्सनल खात्यावर बुकिंगचे पैसे कधीच टाकू नका, आमच्याही नाही.

पार्किंगवरून जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील. उघड्यावरचं पार्किंग विकता येत नाही, ते सोसायटीचं. गॅरेज किंवा वरून झाकलेलं पार्किंग विकता येतं, पण त्याचं लांबी, रुंदी, उंची, कुठल्या मजल्यावर, नंबर काय, हे सगळं 2024 पासून ॲग्रीमेंटला जोडावं लागतं. आधी काय व्हायचं, कागदावर "एक कार पार्किंग" एवढंच लिहिलेलं असायचं आणि ताबा मिळाल्यावर कळायचं की दोन खांबांच्या मध्ये गाडी घुसते पण दार उघडत नाही. तसंच क्लब हाऊस, स्विमिंग पूल यांचं पण, कधी पूर्ण होणार त्याची तारीख ॲग्रीमेंटमध्ये द्यायची आहे. ब्रोशरमधल्या चित्रावर जाऊ नका, ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते धरा.

ॲग्रीमेंटमधल्या काही अटी बिल्डरला बदलताच येत नाहीत, कार्पेट एरिया, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी, कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं), पार्किंग आणि नैसर्गिक आपत्तीचं कलम. यातलं काही "आमच्या वकिलाने असं केलंय" म्हणून बदललेलं दिसलं तर सही करू नका. कार्पेट एरियाचं थोडं सांगतो, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती त्यात धरतात पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि तुमची बाल्कनी किंवा ओपन टेरेस त्यात येत नाही. त्यामुळे दोन प्रोजेक्टचे दर कम्पेअर करताना कार्पेटवरच करा, सेलेबल (भिंती, जिना वगैरे धरून वाढवलेला एरिया) की काय ते आकडे बाजूला ठेवा. आणि ताबा देताना कार्पेट 3 टक्क्यांपेक्षा जास्त कमी निघालं तर पैसे परत मागायचा हक्क आहे.

टॅक्स आणि स्टॅम्प ड्युटीचं थोडक्यात, कारण हे दर सरकार बदलत असतं, व्यवहाराच्या वेळी पुन्हा विचारा. स्टॅम्प ड्युटी मुंबईत मेट्रो सेससकट 6 टक्के, पुण्यात 7 टक्के, घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी. ही सवलत घेतल्यावर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये काढली, तरी अजून लोक घाबरून विचारतात. रजिस्ट्रेशन 1 टक्का पण जास्तीत जास्त 30,000 रुपये. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी 5 टक्के, परवडणाऱ्या घराला 1 टक्का, त्यासाठी किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट मुंबई महानगरात 60 आणि पुणे-नाशिक वगैरे ठिकाणी 90 चौरस मीटरपर्यंत पाहिजे. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट) मिळाल्यानंतर घेतलं किंवा रिसेल असेल तर जीएसटी नाही. 50 लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर 1 टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापायचा इन्कम टॅक्स) तुम्ही कापून भरायचा असतो, विकणाऱ्याने नाही, इथे खूप जण गोंधळतात. विकणारा परदेशात राहणारा असेल तर हे गणित पूर्ण वेगळं, तेव्हा सीएला विचारल्याशिवाय एक रुपया पण देऊ नका.

घर विकणाऱ्यांसाठी एक ओळ. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर तुम्ही आता विकत असाल तर नफ्यावरचा टॅक्स 12.5 टक्के सरळ किंवा 20 टक्के इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) लावून, दोन्हीतलं जे कमी पडेल ते चालतं. जुन्या घरांना बऱ्याचदा दुसरं बरं पडतं पण काढून बघावं लागतं.

भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर हवंच, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. "नोटरी करून टाकू, कशाला खर्च" हे चालत नाही, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात त्याला दंड आणि तुरुंग दोन्ही आहे.

आमच्या ब्रोकरेजबद्दल. कमिशन किती घ्यायचं हे रेरात ठरवलेलं नाही, त्यामुळे पहिल्याच भेटीत आकडा लेखी घ्या, किती, कधी द्यायचं, डील फिसकटली तर काय, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा की धरून. नवीन प्रोजेक्टमध्ये आम्हाला बिल्डर पैसे देतो, म्हणजे आमचा कल कुठे असू शकतो ते तुम्हाला कळायला पाहिजे, म्हणून विचारलंत तर तो आकडा आम्ही सांगतो. पावती मागा, आमच्याकडे छापील पावती आहे, नाही दिली तर पैसे देऊ नका.

आणि तक्रार करायची वेळ आलीच, बिल्डरविरुद्ध असो की एजंटविरुद्ध, तर महारेराच्या वेबसाईटवर ऑनलाईन होते, फी 5,000 रुपये. ताबा उशिरा मिळत असेल तर व्याज मागता येतं, किंवा बाहेर पडून व्याजासकट सगळे पैसे, व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सगळ्यात वरच्या एमसीएलआरपेक्षा (बँक कर्जाचा आधार धरते तो दर) 2 टक्के जास्त. ऑर्डर मिळाली की पैसे लगेच हातात पडतील असं मात्र समजू नका, वसुली कलेक्टर ऑफिसमार्फत होते आणि त्याला वेळ लागतो. तोपर्यंत ॲग्रीमेंट, पावत्या, बिल्डरचे ईमेल, सेल्सवाल्याचे व्हॉट्सॲप मेसेज काहीही डिलीट करू नका, आमच्याकडून मिळालेले कागद हरवले असतील तर ऑफिसला या, कॉपी काढून देऊ.