चित्राची चौकट, लहानसं हॉटेल आणि मोठा पाण्याचा थेंब

1932 साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने चित्राच्या चौकटीचं माप ठरवलं. उंची 1 धरली तर रुंदी 1.37. वेस अँडरसनच्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' (2014) या विनोदी चित्रपटाची मुख्य कथा 1932 मध्येच घडते आणि तो सगळा भाग याच मापात चित्रित केलेला आहे.

हे माप आलं कुठून? मूकपटांची चौकट 1.33 ची होती. बोलपट आल्यावर 35 मिलिमीटर फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी बसवावी लागली. तेवढी रुंदी गेली आणि चित्र जवळजवळ चौरस दिसू लागलं. मग उंचीही थोडी कापून जुना डौल परत आणला गेला. पुढे 1950 च्या दशकात घरोघरी टीव्ही पोचला, तेव्हा प्रेक्षक टिकवायला थिएटरांनी पडदे रुंद केले. त्यासाठी वापरलेलं अ‍ॅनामॉर्फिक भिंग दृश्य आडवं दाबून फिल्मवर बसवतं आणि प्रोजेक्टरचं भिंग ते पुन्हा ताणतं. चित्रपटातला 1968 चा भाग अशाच रुंद चौकटीत आहे, तर 1985 चा 1.85 मध्ये. त्यामुळे काळ बदलला की पडद्याचा आकारच बदलतो. अरुंद चौकटीत माणसांच्या डोक्यावर बरीच जागा उरते. छायालेखक रॉबर्ट येओमन यांनी ती छतं, जिने आणि सज्जे दाखवून भरली. मला या चित्रपटातली सर्वांत देखणी गोष्ट तीच वाटते.

हॉटेलचा दिवाणखाना पोलंडच्या सीमेवरच्या गोर्लिट्झ या जर्मन गावात सापडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं, काचेच्या छताचं एक डिपार्टमेंट स्टोअर तिथे रिकामं पडून होतं. कलादिग्दर्शक अ‍ॅडम स्टॉकहाउझेन यांनी तिथे 1932 चं हॉटेल उभारलं आणि त्याच्या आत 1968 चं कळकट रूप बसवलं. आधी नंतरचा काळ चित्रित झाला. मग आतला थर काढून टाकला.

बाहेरून दिसणारी गुलाबी इमारत मात्र 1/18 प्रमाणात बनवलेली प्रतिकृती आहे. खिडक्यांच्या आत गोर्लिट्झच्या सेटचे फोटो चिकटवले होते. अशी वस्तू टिपताना कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो आणि जवळच्या वस्तूचा अगदी थोडाच भाग स्पष्ट उमटतो. पुढचा भाग स्वच्छ आणि मागचा धूसर दिसला की डोळ्याला लगेच खेळणं ओळखू येतं. उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक करायचं. मग प्रकाश कमी पडतो, पण वस्तू स्थिर असेल तर प्रत्येक चौकटीला हवा तेवढा वेळ देता येतो.

हलणाऱ्या वस्तूंचं गणित वेगळं. 18 मीटरवरून दगड पडायला सुमारे 1.9 सेकंद लागतात. 1/18 प्रतिकृतीत तीच उंची 1 मीटर होते आणि दगड 0.45 सेकंदांतच खाली येतो. वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणून असं दृश्य सुमारे सव्वाचार पट वेगाने टिपून सावकाश दाखवावं लागतं. पाण्यापुढे ही युक्तीही अपुरी पडते. थेंब किती मोठा होणार हे पृष्ठताण ठरवतो आणि तो प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. छोट्या हॉटेलसमोरचं कारंजं कितीही सावकाश दाखवलं, तरी त्याचे थेंब खिडक्यांच्या मानाने मोठेच दिसतील.