बिऱ्हाड चाकांवर : हौसेचं आणि निरुपायाचं

फॉस्टर हंटिंग्टन या अमेरिकन तरुणाने २०११ साली न्यूयॉर्कमधली नोकरी सोडली, फोक्सवॅगनची एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात राहून काढलेले फोटो इन्स्टाग्रामवर 'व्हॅनलाइफ' या हॅशटॅगखाली टाकायला सुरुवात केली. मागचं दार उघडं, आत अंथरूण, समोर समुद्र अशा फोटोंची नंतर लाटच आली आणि गाडीत राहणं ही या शतकाचीच कल्पना असल्याचा समज झाला. खरं तर तिला दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. हौसेने गाडीत राहणारे आणि दुसरा इलाज नाही म्हणून गाडीत राहणारे, असे दोन प्रवाह त्यात पहिल्यापासून शेजारीशेजारी वाहत आले आहेत. पलंग, चूल, पाण्याची टाकी दोघांकडे सारखीच. रस्त्याच्या कडेला मुक्काम टाकल्यावर मिळणारी वागणूक मात्र सारखी नव्हती. हा इतिहास त्या फरकाकडे डोळेझाक करून सांगता येत नाही, असं मला वाटतं.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये गावोगाव खेळ करणारी मंडळी राहण्याजोग्या गाड्या वापरू लागली. शतकाच्या मध्याला ब्रिटनमधल्या रोमा कुटुंबांनीही अशा गाड्या घ्यायला सुरुवात केली. रोमा मूळचे वायव्य भारतातले, साधारण हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे निघालेले. या गाड्या येण्याआधी ते पायी फिरत आणि वाकवलेल्या फांद्यांवर कापड टाकून केलेल्या तंबूत राहत. त्यांच्या गाडीला 'वार्डो' म्हणतात. तिची आतली मांडणी पाहिली की आजच्या कॅम्परव्हॅनची ओळख लगेच पटते : मागच्या बाजूला आडवा पलंग, त्याखाली मुलांची झोपायची जागा, भिंतीलगत पेट्या, त्यांच्यावरच बसायचं. शेगडीचं धुराडं गाडीच्या उजव्या अंगाला असे. ब्रिटनमध्ये रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, त्यामुळे डावीकडचं धुराडं कडेच्या झाडांच्या फांद्यांत अडकलं असतं. वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलेल्या माणसालाच सुचेल असं हे शहाणपण. मालक वारला की त्याची गाडी चीजवस्तूंसह जाळून टाकायची प्रथा अनेक कुटुंबांत होती, म्हणून जुन्या वार्डो आज फार थोड्या उरल्या आहेत.

या लोकांना इंग्लंडमधून हाकलण्याचा कायदा १५३० सालीच झाला होता आणि १५५४ मध्ये त्यात मृत्युदंडाची भर पडली होती. पुढे हे कायदे मागे पडले, पण गावाबाहेर मुक्काम पडला की पोलीस येणार हे ठरलेलंच राहिलं.

अशा वेळी विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तसल्याच गाडीत राहायचं ठरवलं. हा आरमारातून निवृत्त झालेला डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक. त्याने ब्रिस्टल वॅगन वर्क्स कंपनीकडून 'द वाँडरर' नावाची गाडी मुद्दाम बनवून घेतली. लांबी सुमारे १८ फूट, वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे, आत महागाचं लाकूडकाम आणि पुस्तकांचं कपाट. १८८५ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. बरोबर गाडीवान होता आणि एक नोकरही. समोरून येणाऱ्यांना सावध करायला हा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जात असे. निव्वळ मौजेसाठी मुद्दाम बांधून घेतलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून 'वाँडरर'चं नाव घेतलं जातं आणि ती गाडी अजून जपलेली आहे. १९०७ साली ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला, तेव्हा स्टेबल्स त्याचा उपाध्यक्ष झाला. रोमांची गाडी तोवर सभ्य लोकांच्या छंदात जमा झाली होती.

मग घोडे गेले, इंजिन आलं. १९१० साली पिअर्स-अॅरो कंपनीने टूरिंग लँडो ही श्रीमंतांसाठीची मोटार दाखवली. तिच्यात मागची बैठक उलगडून पलंग होई, हात धुवायचं भांडं होतं आणि चालकाशी बोलायला टेलिफोनही. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज मोटारींचा ताफा घेऊन रानात मुक्कामाला जात, आणि त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून अमेरिकाभर पोचत. फोर्डच्याच स्वस्त मॉडेल टी गाडीने ही चैन सामान्यांच्या हातात आणून दिली. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात अशा हौशी लोकांनी 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही संघटना काढली. रेडिएटरच्या टोपणाला जोडलेला रिकामा पत्र्याचा डबा ही त्यांची खूण होती.

यानंतर मी थोडं थांबून १९३६ या एकाच वर्षाकडे बघायला सांगेन.

त्या वर्षाच्या सुरुवातीला वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने 'क्लिपर' बाजारात आणली. विमानासारखी रिव्हेट मारून जोडलेली अॅल्युमिनियमची चकचकीत, गोलाकार काया, आत चौघांची झोपायची सोय, स्वतःचा पाणीसाठा, विजेचे दिवे. मोटारीमागे जोडून ओढायचं हे घर १,२०० डॉलरला होतं. महामंदीत ही रक्कम फार मोठी, तरी गिऱ्हाईक मिळालं. त्याच अमेरिकेत, त्याच वर्षी फेब्रुवारीत, लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखाने आपले १३६ पोलीस थेट कॅलिफोर्निया राज्याच्या सीमांवर धाडले. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मुलखातून खटारा गाडीवर गाद्या, भांडी आणि मुलंबाळं लादून आलेल्या कुटुंबांना, खिशात पुरेसे पैसे दिसत नाहीत म्हणून माघारी पाठवलं जात होतं. पोलिसांचा हा पहारा काही आठवड्यांत उठला. पण गरिबांना राज्यात आणणं हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द करायला १९४१ साल उजाडावं लागलं.

जर्मनीतलं चित्र याहून भीषण होतं. तिथे १९३१ साली आरिस्ट डेथलेफ्स या उद्योजकाने मोटारीमागे ओढायचं छोटं घर बनवलं होतं. त्याची होणारी पत्नी चित्रकार होती. त्याच्या विक्रीच्या दौऱ्यांत तिलाही बरोबर जायचं होतं आणि वाटेत चित्रंही काढायची होती. या घरातूनच पुढे डेथलेफ्सचा कॅरॅव्हॅनचा कारखाना उभा राहिला. गोष्ट गोड आहे. पण त्याच देशात, १९३६ च्या जुलैमध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर बर्लिनच्या पोलिसांनी शहरातल्या रोमा आणि सिंती (रोमांचीच जर्मन शाखा) कुटुंबांना पकडून मार्त्सान इथल्या छावणीत नेऊन टाकलं. तिथल्या बहुतेकांना पुढे आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आलं.

युद्ध संपल्यावरची गोष्ट जरा मोकळ्या हवेतली आहे. बेन पॉन हा डच मोटारविक्रेता फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्गमधल्या कारखान्यात गेला असता त्याला कामगारांनी सामान हलवायला बनवलेली एक सपाट गाडी दिसली. एप्रिल १९४७ मध्ये त्याने आपल्या वहीत एक चौकोनी खोका काढला : चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मधली सगळी जागा मोकळी. मार्च १९५० पासून ती गाडी तयार होऊ लागली. इंजिनाची ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती, पण त्या मोकळ्या जागेनेच पुढचा इतिहास घडवला. जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याने वेस्टफालिया कंपनीकडून आपल्या व्हॅनमध्ये राहण्याची सोय करून घेतली आणि त्यातून १९५१ साली 'कॅम्पिंग बॉक्स' निघाला. हा संच व्हॅनमध्ये ठेवता येई आणि उचलून बाहेरही काढता येई. आठवडाभर गाडी धंद्याच्या मालासाठी, सुट्टीच्या दिवशी तीच गाडी झोपायची खोली. युद्धातून नुकत्याच उठलेल्या, दोन गाड्या न परवडणाऱ्या लोकांसाठी याहून चांगली युक्ती नव्हती. ब्रिटनमध्ये मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनवर 'डॉर्मोबिल' बनवून तोच मार्ग धरला.

अमेरिकेत फोक्सवॅगनच्या या गाडीच्या नशिबात कोंबड्यांचाही वाटा आहे. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के जकात लावली. फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅन त्यात सापडल्या. खिडक्या आणि बाकं असलेल्या प्रवासी गाड्या सुटल्या. त्यामुळे अमेरिकनांच्या मनात ही गाडी भाजीवाल्याची किंवा नळकाम करणाऱ्याची राहिली नाही. ती भटक्या तरुणांची झाली.

इंजिन आणि घर एकाच गाडीत असलेलं मोठं, एकसंध मोटरहोम मात्र अस्सल अमेरिकन. मिशिगनच्या रेमंड फ्रँकने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या कुटुंबासाठी असं एक बांधलं, लोकांनी मागणी केली आणि त्याने कारखाना काढला. १९५६ च्या कायद्याने देशभर आंतरराज्य महामार्ग बांधायला घेतले होते. १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्ज इथे केओए या कॅम्पग्राउंडच्या साखळीने मूळ धरलं. रस्ता झाला, मुक्कामाची जागा झाली, आता गाडी स्वस्त व्हायला हवी होती. ते काम आयोवातल्या विनेबेगो कंपनीने १९६६ पासून केलं. तिने मोटरहोम जुळणीच्या पट्ट्यावर आणलं आणि किंमत स्पर्धकांच्या जवळपास निम्म्यावर आणली. १९७३ च्या तेलटंचाईने हा फुगा फुटला. जनरल मोटर्सने त्याच वर्षी आणलेलं, पुढच्या चाकांवर चालणारं ठेंगणं आणि देखणं मोटरहोम १९७८ मध्ये बंद करून टाकलं.

गाड्यांच्या नावांत अडकून आतल्या एका यंत्राकडे दुर्लक्ष होतं, ते म्हणजे फ्रिज. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली आचेवर चालणारा फ्रिज शोधला. अमोनिया विरघळलेल्या पाण्याला आच दिली की अमोनियाची वाफ होते, ती वर जाऊन थंड होते आणि तिचा द्रव होतो. हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. पंप नाही, मोटर नाही. गॅसच्या छोट्या ज्योतीवर दूध आणि औषधं आठवडाभर टिकू लागली तेव्हाच गाडीत राहणं म्हणजे डबाबंद खाणं हे समीकरण मोडलं. या फ्रिजमधला द्रव नुसत्या उताराने वाहतो, म्हणून गाडी कललेली चालत नाही. मुक्कामी पोचल्यावर मुरलेला मोटरहोमवाला आधी पाणसळ ठेवून बघतो आणि चाकाखाली ठोकळे सारतो, ते यासाठी. आता सौर पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्यांमुळे कॉम्प्रेसरचे फ्रिज आले आहेत आणि ही सवय हळूहळू मागे पडते आहे.

साठ-सत्तरच्या दशकात युरोपातले तरुण जुन्या व्हॅन आणि बसगाड्या घेऊन इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोरमार्गे भारत आणि नेपाळपर्यंत येत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद झाली. त्यानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये बेकार, शहरांना कंटाळलेली तरुण मंडळी जुन्या बस, रुग्णवाहिका आणि ट्रक घेऊन कायमची रस्त्यावर राहू लागली. त्यांना 'न्यू एज ट्रॅव्हलर्स' म्हणत. १ जून १९८५ रोजी त्यांचा सुमारे १४० गाड्यांचा काफिला स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळापाशी भरणाऱ्या जत्रेला निघाला होता. न्यायालयाचा मनाई हुकूम होता, हे खरं. पण पोलिसांनी विल्टशरमधल्या एका शेतात जे केलं त्याला अडवणं म्हणता येत नाही. राहत्या गाड्यांच्या काचा आत बायकामुलं असताना दंडुक्यांनी फोडल्या गेल्या. ५३७ जणांना अटक झाली. यातल्या काहींना १९९१ मध्ये न्यायालयाकडून भरपाई मिळाली, पण घरं मोडली ती मोडलीच. रोमा आणि इतर भटक्यांसाठी मुक्कामाच्या जागा देणं १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर बंधनकारक होतं. १९९४ च्या कायद्याने ते बंधनही काढून टाकलं.

अमेरिकेत निरुपायाचा प्रवाह २००८ च्या मंदीनंतर पुन्हा फुगला. घर गेलेले, पेन्शन न पुरणारे साठी-सत्तरीतले लोक व्हॅनमध्ये राहायला आले. अमेझॉनने 'कॅम्परफोर्स' नावाची योजना काढून अशांना सणांच्या हंगामात गोदामांत कामाला घेतलं. हिवाळ्यात हे लोक अॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात जमतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारणपणे १४ दिवस राहता येतं, मग बिऱ्हाड हलवायचं. तिथल्या जुन्या मंडळींनी नवख्यांना शिकवलेल्या गोष्टी साध्या आहेत : शहरात रात्र काढायची तर अंधार पडल्यावर यायचं, उजाडायच्या आत निघायचं, खिडक्या आतून झाकायच्या. रोमांना हे शिकवावं लागलं नसतं. २०२० च्या महामारीनंतर मात्र हौशी लोकांनी बाजार उचलून धरला आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून ६ लाखांवर आरव्ही, म्हणजे मोटरहोम आणि कॅरॅव्हॅनसारख्या राहण्याजोग्या गाड्या, बाहेर पडल्या. त्यांत ओढायच्या कॅरॅव्हॅनच जास्त होत्या.

गर्दी झाली तसे नियम आले. न्यूझीलंडने २०११ साली रग्बी विश्वचषकाच्या आधी 'मुक्त मुक्कामा'चा, म्हणजे कॅम्पग्राउंडबाहेर सार्वजनिक जागेत राहण्याचा, कायदा केला. २०२३ च्या दुरुस्तीने, स्वयंपूर्ण गाडी म्हणून प्रमाणपत्र हवं असेल तर शौचालय गाडीत कायमचं बसवलेलं असणं सक्तीचं केलं. उघड्यावरची घाण हा खरा प्रश्न होता, म्हणून हा नियम मला रास्त वाटतो. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याचं तसं म्हणता येत नाही. गाडी घेऊन परवानगीविना दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याने सांगूनही जागा सोडली नाही आणि जमिनीचं मोठं नुकसान किंवा लोकांना मोठा त्रास होत असेल किंवा होण्याचा संभव असेल, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याची गाडी, म्हणजे त्याचं घर, जप्त होऊ शकतं. हाकललेल्या माणसाने त्या जागी परत न येण्याची मुदतही ३ महिन्यांवरून १२ महिन्यांवर नेली गेली. मे २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने हा मुदतवाढीचा भाग मानवी हक्कांशी विसंगत ठरवला, कारण तात्पुरत्या मुक्कामाच्या अधिकृत जागाच पुरेशा नाहीत आणि त्याचा फटका रोमा आणि भटक्यांनाच बसतो. ब्रिटिश पद्धतीत अशा निर्णयाने तरतूद आपोआप रद्द होत नाही. ती बदलायची की नाही, हे संसद ठरवते.