काडतुसातील गोळीची बैठक-खोली व तिचे मापन

रायफलचे काडतूस हाताने भरताना गोळीचे बूड पितळी पुंगळीच्या तोंडापासून जितके आत जाते, त्या अंतराला गोळीची बैठक-खोली म्हणतात. व्याख्या एका ओळीत संपते, पण हे अंतर थेट मोजता येत नाही; गोळी बसली की तिचे बूड पुंगळीच्या आत, दारूच्या वर, दृष्टीआड होते. बैठक-खोली म्हणूनच नेहमी दुसऱ्या एखाद्या लांबीवरून काढावी लागते, आणि ती लांबी कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत धरायची यावरच मापनाचा खरेपणा ठरतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील टूलरूममध्ये या आरंभबिंदूला ‘डेटम’ म्हणतात. नवा मुलगा कामावर आला की व्हर्निअर हातात देण्याआधी त्याला विचारले जाते ते हेच, की मोजायचे कुठून. काडतुसाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सरळ नाही.

बैठक-खोलीला महत्त्व येते ते दोन कारणांनी. पहिले कारण दाबाचे आहे. गोळी जास्त आत बसली तर पुंगळीतील मोकळी जागा घटते आणि तेवढीच दारू अधिक दाब निर्माण करते. पिस्तुलाच्या आखूड पुंगळीत हा परिणाम तीव्र असतो, रायफलच्या मोठ्या पुंगळीत तुलनेने सौम्य. उलट गोळी इतकी बाहेर ठेवली की चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या पोकळीत) काडतूस घालताच ती नळीतील पेचांच्या, म्हणजे आतल्या वळणदार खोबणींमधल्या, उंचवट्यांना टेकली, तर गोळीला सुटण्यापूर्वी धाव मिळत नाही आणि सुरुवातीचा दाब वाढतो. दुसरे कारण नेमकेपणाचे आहे. पुंगळीतून सुटून उंचवट्यांना भिडेपर्यंत गोळी जे मोकळे अंतर पार करते, त्याला नेमबाज इंग्रजीतलाच ‘जंप’ हा शब्द वापरतात. हे अंतर प्रत्येक काडतुसात सारखे असावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ते किती असावे हे मात्र गोळीच्या आकारावर अवलंबून आहे. नाकाचा वक्र अंगाशी सलग जुळलेला असेल तर गोळी फरक सहन करते. वक्र अंगाशी कोन करून सुरू होणाऱ्या, लांब नाकाच्या, हवेचा विरोध कमी करणाऱ्या गोळ्या याबाबतीत हट्टी असतात, आणि त्यांच्यासाठी पार तीन मिलिमीटरपर्यंतचे अंतर टप्प्याटप्प्याने तपासून पाहावे लागते.

सर्वांत रूढ माप म्हणजे काडतुसाची एकूण लांबी, अर्थात पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतचे अंतर. अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेली ‘सामी’ ही उत्पादकांची संस्था आणि युरोपातील ‘सी. आय. पी.’ हे मंडळ प्रत्येक काडतुसासाठी या लांबीची कमाल मर्यादा ठरवून देतात. ‘सामी’च्या तक्त्यात .३०८ विंचेस्टर काडतुसाला ती २.८१० इंच, म्हणजे सुमारे ७१.३७ मिमी आहे. काडतूस मॅगझिनमध्ये मावेल की नाही हे पाहण्यासाठी हे माप पुरेसे आहे, पण बैठक-खोली ताडण्यासाठी ते फसवे ठरते. स्पर्धेच्या गोळ्यांचे टोक बहुधा पोकळ असते, तांब्याच्या वेष्टणाची कड तिथे दुमडलेली असते आणि ती कधीच एकसारखी कापली जात नाही. एकाच डब्यातील गोळ्यांच्या टोकांत ०.१ ते ०.३ मिमीचा फरक सहज सापडतो. डाय, म्हणजे प्रेस या दाबयंत्रात बसवलेला गोळी बसवण्याचा साचा, मात्र गोळीला टोकावर दाबत नाही. डायमधील दांडा नाकाच्या उतारावर, टोकाच्या बराच खाली टेकतो. परिणामी सगळ्या गोळ्या एकाच खोलीवर बसलेल्या असूनही एकूण लांबी वेगवेगळी भरते, आणि नवखा माणूस प्रेस बिघडला असे समजून डाय फिरवत बसतो.

यावरचा उपाय म्हणजे कंपॅरेटर. ही व्हर्निअरच्या एका जबड्याला स्क्रूने बसवायची लहानशी वस्तू असते आणि तिच्यातील छिद्र गोळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान असते. .३०८ ची गोळी ७.८२ मिमी व्यासाची असते, तर नळीतील समोरासमोरच्या उंचवट्यांमधले अंतर सुमारे ७.६२ मिमी, कंपॅरेटरचे छिद्र या दुसऱ्या आकड्याच्या आसपास ठेवलेले असते. गोळीचे नाक छिद्रात जाते, नाकाचा वक्र छिद्राच्या कडेला जिथे अडतो तिथे माप थांबते, आणि बुडापासून वक्रापर्यंतची लांबी मिळते. टोकाचा वेडावाकडेपणा मापातून बाहेर पडतो. कंपॅरेटरचा आकडा मात्र निरपेक्ष नसतो. छिद्राची कड किती तीक्ष्ण, तिचा व्यास नेमका किती, जबडा कुठे शून्य केला, यांनुसार दोन कंपॅरेटर एकाच काडतुसाला दोन वेगळे आकडे देतात. म्हणून दुसऱ्याच्या वहीतला आकडा आपल्या बाकावर जसाच्या तसा वापरणे ही चूक समजली जाते.

कंपॅरेटर घेतला म्हणजे प्रश्न संपला, असे मानण्याकडे कल असतो. तो बरोबर नाही. गोळीच्या नाकावर तीन वेगवेगळी वर्तुळे कामाची असतात: डायचा दांडा टेकतो ते, कंपॅरेटरची कड टेकते ते, आणि नळीतले उंचवटे टेकतात ते. दांड्याचे वर्तुळ टोकाच्या जवळ, लहान व्यासाचे असते. बाकीची दोन बरीच मागे असतात. नाकाचा वक्र गोळीगणिक थोडा बदलला की या वर्तुळांमधले अंतरही बदलते, आणि प्रेसचा दांडा जागचा हलला नसताना कंपॅरेटरवर ०.०५ मिमीचा फरक दिसू लागतो. अशा वेळी डायला हात लावण्याऐवजी गोळ्याच आधी कंपॅरेटरवर मोजून गट पाडणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

ज्याला खरी बैठक-खोलीच हवी असेल, म्हणजे दारूच्या वर किती जागा उरली हे पाहायचे असेल, त्याने पुंगळीची लांबी आणि गोळीची लांबी यांच्या बेरजेतून एकूण लांबी वजा करावी. उदाहरणार्थ, पुंगळी ५१.०५, गोळी ३१.५० आणि तयार काडतूस ७१.१० मिमी असेल, तर खोली ११.४५ मिमी येते. इथे गंमत अशी, की बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर तीच गोळी मोजली असेल तर टोकाचा दोष दोन्ही मापांत सारखाच येतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. दहा गोळ्यांची सरासरी लांबी वापरली तर तो परत येतो. शिवाय तीन मापे आली म्हणजे तीन चुका आल्या: प्रत्येकी ०.०२ मिमी धरली तरी सर्वांत वाईट परिस्थितीत उत्तर ०.०६ मिमीने ढळू शकते.

उंचवटे नेमके कुठे सुरू होतात हे शोधण्याच्या अनेक रीती आहेत. रिकाम्या चेंबरवर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करायचा, सपाट तोंडाची दांडी नळीच्या पुढच्या तोंडातून आत सोडून बोल्टच्या दर्शनी पृष्ठाला टेकवायची आणि नळीच्या तोंडाशी खूण करायची. मग बोल्ट काढून सुटी गोळी मागून उंचवट्यांना टेकवून धरायची आणि दांडी गोळीच्या टोकाला लावून दुसरी खूण करायची. दोन खुणांमधले अंतर म्हणजे त्या गोळीसह काडतुसाची उंचवट्यांना टेकणारी लांबी. दुसऱ्या रीतीत बुडाला आटे पाडलेली पुंगळी एका गेजवर चढवून, आतल्या दांड्याने गोळी पुढे सरकवतात. दोन्हींत दारू किंवा प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) कुठेच नसतो. दोन्हींत दोषाचे मूळही एकच आहे, ते म्हणजे बोटाचा जोर. गोळी हलके टेकली की उंचवट्यात किंचित रुतली, हे हाताला कळायला वेळ लागतो. टूलरूममध्ये यालाच ‘फील’ म्हणतात. म्हणून हे माप निदान पाच-सात वेळा घेऊन, एखादे भलतेच आलेले बाजूला ठेवून, उरलेल्यांचा मध्य धरतात. गेजवरील पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) आणि आपल्या रायफलमध्ये झाडलेल्या पुंगळीचा खांदा एका जागी नसेल, तर तेवढा फरक वेगळा काढून मापात मिळवावा किंवा वजा करावा लागतो.

उपकरणाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. पिएर व्हर्निअर या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये सरकपट्टीची युक्ती प्रसिद्ध केली. आज बाजारात ‘डिजिटल व्हर्निअर’ मागितले तर जे मिळते त्यात व्हर्निअरची पट्टी मुळीच नसते, पण नाव चिकटून राहिले आहे. साध्या व्हर्निअरचे लघुतम माप ०.०२ मिमी असते. डिजिटल पडद्यावर ०.०१ मिमी उमटते, परंतु त्या उपकरणाची अचूकता साधारणपणे ०.०२ ते ०.०३ मिमीच असते. पडद्यावरचा शेवटचा अंक आणि उपकरणाची खरी कुवत यांची गल्लत करणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे. शिवाय कॅलिपरमध्ये मोजायची वस्तू पट्टीच्या रेषेत नसून बाजूला असते. एर्न्स्ट आबे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, वस्तू आणि मोजपट्टी एका रेषेत नसतील तर जबड्याचा कल मापात उतरतो. काडतूस पट्टीपासून ४० मिमी दूर असेल आणि जबडा अंशाच्या साठाव्या भागाइतकाच कलला, तर सुमारे ०.०१२ मिमीची चूक होते. कंपॅरेटर जोडल्यावर वस्तू आणखी दूर जाते. स्टँडवर उभ्या डायल इंडिकेटरखाली काडतूस ठेवले तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो, आणि नेहमीचे काम करणाऱ्याने ती व्यवस्था करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपकरणाची परीक्षा घरच्या घरी होते. एकच काडतूस दहा वेळा जबड्यातून काढून, पुन्हा घालून मोजावे आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यातला फरक पाहावा. तो ०.०३ मिमी असेल, तर दोन काडतुसांमधल्या ०.०२ मिमीच्या फरकाला काही अर्थ उरत नाही. त्यानंतर स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या ज्ञात लांबीच्या पोलादी ठोकळ्यावर, तपासणी. पुंगळीचे बूडही पाहून घ्यावे: प्रायमर जराही वर आलेला असेल किंवा झाडताना बुडावर उंचवटा उठला असेल, तर माप तिथूनच बिघडते.

तापमानाची चिंता मात्र प्रमाणाबाहेर केली जाते. लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात ठाण्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश सहज असतात. काडतूस संपूर्ण पितळी धरले तरी, पोलादी कॅलिपरच्या तुलनेत ७० मिमीवर पडणारा फरक ०.००८ मिमीच्या आसपास राहतो. वस्तू आणि उपकरण एकाच टेबलावर तासभर पडलेले असले म्हणजे पुरे. पावसाळ्यातली खाडीकाठची दमट हवा जास्त त्रास देते: स्लिप गेजला तेलाचा हात लावला नाही तर चार दिवसांत गंजाचे ठिपके येतात, आणि लावलेले तेल पुसले नाही तर त्याचा थर मापात येतो.

ठाणे व नवी मुंबईच्या वाचकासाठी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि त्याच अधिनियमाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते; रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातील .२२ चे काडतूस तर कडेवर ठोका बसणारे असते आणि ते पुन्हा भरलेच जात नाही. मापनाचे हे ज्ञान इथे मुख्यतः दुसऱ्या अंगाने ओळखीचे आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा प्रारंभ ज्या वागळे इस्टेटमध्ये झाला, तिथे आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे, महापे येथील कारखान्यांत शंकूच्या आकाराच्या जॉबची (घडवायच्या तुकड्याची) लांबी टोकापासून न धरता ठरावीक व्यासाच्या रिंग गेजपासून धरण्याची रीत आहे. कंपॅरेटरचे तत्त्व याहून वेगळे नाही.

प्रत्यक्ष बसवताना गोळी आधी मुद्दाम थोडी बाहेर ठेवतात, मोजतात आणि डाय थोडीथोडी खाली घेत अपेक्षित मापावर येतात. कारण बाहेर राहिलेली गोळी आत दाबता येते, आत गेलेली बाहेर काढायला वेगळे अवजार आणि बराच खटाटोप लागतो. पुंगळीच्या मानेची पकड सैल असेल किंवा आतली दारू दाबली जात असेल, तर गोळी रात्रीतून किंचित वर सरकते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणे इष्ट असते. नळीतले उंचवटेही कायम एका जागी राहत नाहीत. प्रत्येक फैरीच्या उष्ण वायूने ते झिजत पुढे सरकतात. त्यामुळे पहिल्या मापासाठी वापरलेली गोळी आणि तोच कंपॅरेटर तारखेची चिठ्ठी लावून वेगळ्या डबीत ठेवतात आणि काही शे फैरींनंतर त्याच जोडीने पुन्हा मोजतात.