चाल (कल्पित भूमिकाखेळातील)

चाल : कल्पित भूमिकाखेळात, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेऊन जो खेळतो त्या खेळात, एका पात्राला आपल्या पाळीत किती अंतर, कोणत्या मार्गाने व कशा रीतीने सरकता येईल हे ठरवणारे नियम आणि डाव चालू असताना त्या नियमांचा लावला जाणारा अर्थ. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला धरून आहे. उदाहरणे मात्र विदर्भातील वावर, धुरा (शेताचा बांध), पांदण (शेतवाट) व नाला यांची घेतली आहेत, कारण ओल्या काळ्या जमिनीत पाऊल किती महाग पडते हे तेथील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मराठीत ‘चाल’ या शब्दाला चालण्याची ढब, गाण्याची चाल, रूढी, डावपेच आणि सोंगटीचे सरकणे इतके अर्थ आहेत. खेळाच्या मूळ नियमांत मात्र ‘स्पीड’ व ‘मूव्हमेंट’ असे दोन निराळे शब्द असून दोहोंना चाल म्हटले की पुढचे निम्मे वाद तिथेच सुरू होतात. म्हणून येथे ‘गती’ म्हणजे पाळीच्या आरंभी हाती असलेली शिल्लक आणि ‘चाल’ म्हणजे तीतून होणारा खर्च, असा भेद केला आहे. ‘पट’ या शब्दाचीही अडचण आहे. विदर्भात पट म्हटले की आधी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, डोळ्यांपुढे येते; येथे तो अर्थ अभिप्रेत नसून पट म्हणजे सोंगट्या सरकवण्याचा घरांचा फलक.

उगम : चालीच्या नियमांचे मूळ कोठे, याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार चौकोनी घरांचा पट हा भारतीय अष्टापदाचा, म्हणजे ८ × ८ घरांच्या पटाचा वारसा होय. अष्टापदावरून चतुरंग, चतुरंगावरून बुद्धिबळ आणि बुद्धिबळावरून युरोपातील युद्धखेळ, अशी ही साखळी आहे. तिचा शेवटचा दुवा भक्कम आहे. ब्राउनश्वाइग येथील हेलविग याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेला युद्धखेळ बुद्धिबळावरूनच बेतला होता. त्यात पायदळाला ८, जड घोडदळाला १२ व हलक्या घोडदळाला १६ घरे मिळत. निरनिराळ्या सैन्याला निरनिराळी गती देण्याची कल्पना येथे स्पष्ट दिसते.

दुसऱ्या मतानुसार भूमिकाखेळाची चाल घरांतून नव्हे, तर मोजपट्टीतून आली. प्रशियातील थोरल्या राइसव्हिट्सने १८१२ च्या सुमारास राजासाठी फरशीवजा तुकड्यांचा भूभाग तयार केला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये जो खेळ प्रसिद्ध केला त्यात घरे नव्हतीच. १ : ८,००० प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक पाळी आणि नकाशावर मोजून सरकवलेल्या पथकांच्या पट्ट्या, असे त्याचे स्वरूप होते. ही मोजण्याची रीत पुढे छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांत टिकली. १९७१ च्या ‘चेनमेल’ या अशाच खेळातून ती गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये उतरली. तेथे माणसाची गती अंगावरील ओझ्यानुसार १२, ९ किंवा ६ इंच अशी दिलेली आहे. हे इंच टेबलावरचे. १९७८ च्या प्रगत आवृत्तीत एक इंच म्हणजे भुयारात १० फूट व उघड्यावर १० यार्ड. म्हणजे तोच माणूस दाराबाहेर पडताच तिप्पट चालतो.

दोहोंपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या मताचे समर्थक आलेखाच्या कागदावर काढलेल्या भुयारांच्या नकाशांकडे बोट दाखवतात. पण ते चौकोन नकाशा काढण्याच्या सोयीचे होते, सोंगटी सरकवण्याचे नव्हेत. पाच फुटांचे घर हे चालीचे एकक म्हणून पक्के झाले ते २००० मधील तिसऱ्या आवृत्तीत व २००३ मधील तिच्या सुधारित रूपात. विदर्भाच्या बाबतीत या जोडीला नल-दमयंतीची कथा पुढे करण्याचा मोह होतो. दमयंती विदर्भाची राजकन्या व नल फाशांवर राज्य हरलेला राजा, हे खरे. परंतु त्या कथेचा सारा भर दानावर आहे, सोंगटीच्या चालीवर नाही. तेव्हा तिला या वंशावळीत बसवू नये.

दान आणि गती : विदर्भातील खेड्यांत पारावर किंवा देवळाच्या ओट्यावर कोरलेल्या अष्टाचंगाच्या पटावर ज्याचे लहानपण गेले, त्याच्या हातून भूमिकाखेळाच्या नियमाचा एक ठरावीक चुकीचा अर्थ लागतो. अष्टाचंगात ५ × ५ अशी २५ घरे असतात. चार कवड्या किंवा फोडलेले चिचोके टाकून पडेल तितके दान सरळ चालायचे. बाहेरची १६ घरे एका दिशेने, आतली ८ उलट दिशेने व शेवटी मधले घर. तेथे दान हा हुकूम असतो. तीन पडले तर तीनच. दोनावर थांबून सोंगटी फुलीच्या घरात सुरक्षित ठेवता येत नाही. भूमिकाखेळातील गती हे दान नव्हे. ती वरची मर्यादा आहे. ३० फूट गतीचे पात्र दहा फूट जाऊन वार करू शकते व उरलेले वीस फूट नंतर चालू शकते (२०१४ ची पाचवी आवृत्ती हे स्पष्टपणे मान्य करते) किंवा जागचे हलणारही नाही. सहा सेकंदांच्या पाळीत ३० फूट म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचाच हा वेग आहे, पळण्याचा नव्हे. पळायचे तर त्या पाळीतील कृती त्यासाठी खर्ची घालावी लागते व तेवढीच गती आणखी मिळते.

तिरपी चाल : अर्थनिर्णयाचा सर्वांत जुना व न संपणारा प्रश्न कर्णाचा आहे. घर पाच फुटांचे धरले तर शेजारच्या घरात सरळ जाणे पाच फूट; तिरपे जाणे मात्र पाचाच्या १.४१४ पट, म्हणजे सात फुटांहून किंचित जास्त. वैदर्भीय शेतकऱ्याला हे गणित चौफुलीच्या कपाशीत रोज दिसते. उभी-आडवी डवरणी करता यावी म्हणून दोन्ही दिशांनी तीन तीन फुटांवर फुली पाडलेली असेल, तर तासातले पुढचे झाड तीन फुटांवर आणि तिरपे झाड सव्वाचार फुटांवर येते. तेवढ्याच अंतरात तिरपे चालणारा कमी झाडे ओलांडतो.

नियमकर्त्यांनी यावर वेळोवेळी निरनिराळे तोडगे काढले. तिसऱ्या आवृत्तीच्या परंपरेत पहिला कर्ण पाच फुटांचा, दुसरा दहाचा, तिसरा पुन्हा पाचाचा. सरासरीने एक कर्ण दीड घराचा होतो. ३० फुटांत असे चारच कर्ण बसतात (५ + १० + ५ + १०) आणि प्रत्यक्ष अंतर २८.३ फूट भरते, चूक नगण्य. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा हिशेब मोडीत काढून प्रत्येक कर्ण एकच घर मानला. पाचव्या आवृत्तीच्या चौकटी पटावरही मूळ नियम तोच असून पाच-दहाची रीत सूत्रधाराच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या व निवाडा देणाऱ्या खेळाडूच्या, मर्जीवर सोडली आहे. या सोप्या रीतीने ३० फुटांचे पात्र सहा कर्ण चालते, म्हणजे प्रत्यक्षात ४२.४ फूट. वीस फूट त्रिज्येचा जादूचा आगीचा गोळा याच न्यायाने पटावर चौकोनी होतो, हे अनेकांना खटकते व ते खटकणे रास्त आहे. भिंतीचा कोपरा कापून तिरपे जाता येत नाही, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. धुऱ्याचा कोपरा भिंतीत धरायचा की नाही, हे तो किती उंच सांगितला होता त्यावर अवलंबून राहील.

येथे बुद्धिबळातील घोड्याच्या ‘अडीच घरां’चा उल्लेख करावासा वाटतो. घोड्याची चाल एक घर सरळ व एक घर तिरपी अशी सांगितली आणि तिरप्याला दीड मोजले, तर बेरीज नेमकी अडीच होते. प्रत्यक्ष अंतर सव्वादोन घरांच्या आसपास भरते. ‘अडीच’ हा शब्द याच हिशेबातून आला असे म्हणण्याचे धाडस करू नये. दोन घरे सरळ व बाजूचे अर्धे, ही प्रचलित उकल पुरेशी आहे. पण कर्णाला दीड मोजण्याची रीत परकी किंवा कृत्रिम आहे, हा आक्षेप त्यामुळे दुबळा पडतो.

खर्च म्हणून चाल : अंतर आणि खर्च एकच मानल्याने होणारी चूक कर्णापेक्षा अधिक वेळा घडते. पाचव्या आवृत्तीत अवघड जमिनीत प्रत्येक फुटाला एक फूट जास्त मोजावा लागतो. चढणे, पोहणे व सरपटणे यांनाही तोच नियम लागू होतो. म्हणून अवघड जमिनीत सरपटताना एका फुटाला तीन फूट जातात. पटावर खेळताना ज्या घरात शिरायचे त्या घराचा भाव लागतो, जे सोडले त्याचा नाही. कोरड्या पांदणीवरून ओल्या वावरात पाऊल टाकताना दहा फूट जातात आणि वावरातून पांदणीवर येताना पाच.

पुढील उदाहरणात बहुतेक गुंतागुंत एकत्र येते. ३० फूट गतीचे व १२ बळाचे पात्र पांदणीवरून धावत येऊन दहा फुटी नाला ओलांडू पाहते. लांब उडीला आधी दहा फूट धाव लागते. ती मिळाली तर बळाच्या अंकाइतके, म्हणजे बारा फूट, उडता येते. उभ्याने उडी मारल्यास याच्या निम्मे. फुटांनी मोजणारा म्हणेल, नाला दहाचा, उडी बाराची, पात्र पलीकडे पोचले. घरांनी मोजणारा म्हणेल, नाला दोन घरांचा आहे, पाय तिसऱ्या घरात पडणार, मधून मध मोजले तर पंधरा फूट लागतात. पात्र नाल्यात पडले. नियमात ‘ओलांडलेल्या’ अंतराचा शब्दप्रयोग असल्याने पहिला अर्थ अधिक सरळ दिसतो, जरी पटावर तो गैरसोयीचा ठरतो. आता पलीकडचा काठ चिखलाचा आहे असे समजा. अवघड जमिनीत उतरताना तोल सावरण्याची कसोटी द्यावी लागते आणि ती हुकली तर पात्र आडवे होते. धावेचे दहा व उडीचे दहा गेले, उरले दहा. उठायला गतीच्या निम्मे, म्हणजे पंधरा फूट लागतात. ‘निम्मे’ हे मूळ गतीचे, उरलेल्याचे नव्हे. हा बारकावा वाचताना निसटतो आणि नेमका अशाच वेळी आठवतो. पात्र चिखलातच राहते. फार तर तीन फूट सरपटेल, ज्याला पटावर स्थानच नाही.

दोन गती असलेल्या पात्राचा हिशेबही खर्चाच्याच अंगाने सुटतो. चालण्याची गती ३० व उडण्याची ६० असेल तर बेरीज ९० होत नाही. आतापर्यंत सरकलेले अंतर नव्या गतीतून वजा करायचे.

संधीचा वार : शत्रूच्या तावडीतून निघताना त्याला मिळणारा फुकटचा वार हा चालीच्या नियमाचाच भाग समजला जातो. तिसऱ्या आवृत्तीत शत्रूच्या टापूतील कोणतेही घर सोडले की तो मिळत असे. पाचवीत त्याच्या आवाक्याबाहेर पडले तरच मिळतो, त्यामुळे शत्रूभोवती घिरट्या घालणे बिनधोक झाले. जुन्या आवृत्तीवर शिकलेला व नव्यावर शिकलेला एका पटावर बसले की दोघेही प्रामाणिकपणे एकमेकांना रडीचा डाव खेळल्याबद्दल बोल लावतात. ढकलले गेल्यास किंवा जादूने एका जागेहून दुसरीकडे गेल्यास हा वार मिळत नाही.

निर्णय कोणाचा : १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने युद्धखेळातील नियमांचे जंजाळ बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याचा पुरस्कार केला. भूमिकाखेळातील सूत्रधार हा एका अर्थाने त्याच पंचाचा वारस आहे. अष्टाचंगात असा पंच नसतो. आतल्या घरात शिरण्यापूर्वी एक तरी सोंगटी मारलेली असावी का, चार किंवा आठ पडल्यावर पुन्हा टाकायचे का, हे डाव मांडतानाच ठरते आणि गावागणिक बदलते. देशी बुद्धिबळातही प्याद्याची पहिली चाल एक घर की दोन, राजाला एकदा घोड्याची उडी द्यायची का, हे आधी बोलून घेण्याची रीत होती. सूत्रधाराचा अधिकार मान्य करूनही ही रीत भूमिकाखेळात आणणे सोयीचे पडते. निदान कर्ण कसा मोजायचा आणि उडी फुटांत की घरांत, एवढे तरी फासे हाती घेण्यापूर्वी ठरवावे.

उंची : पट सपाट असल्याने उंचीविषयीचे नियम त्रोटक आहेत. दहा फुटी मचाणावर चढायला वीस फूट गती लागते; उतरायलाही तेवढीच. मचाणाच्या काठावरून सरळ खाली पडणाऱ्याला पडण्याचे अंतर मोजावे लागत नाही. त्याला एका सहाबाजू फाशाइतकी इजा होते व तो आडवा होतो. उठायचे पंधरा फूट धरले तरी ३० गतीच्या पात्राला पडणे उतरण्यापेक्षा पाच फुटांनी स्वस्त पडते. काठाबाहेर टाकलेल्या पावलाचे पाच फूट मोजले, तर दोन्ही सारखेच.