फेरो बेटांचा फुटबॉल संघ : मैदान नव्हते तेव्हापासून आजपर्यंत

१२ ऑक्टोबर २०२५ रोजी तोरशाव्न या आपल्या राजधानीत फेरो बेटांनी चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवले. तीनच दिवस आधी याच मैदानावर माँटेनेग्रोला ४-० असा मार बसला होता. चेक संघाचे प्रशिक्षक इवान हाशेक यांना आठवडा उलटायच्या आत पद सोडावे लागले. २०२६च्या विश्वचषकाची पात्रता फेरी संपली तेव्हा फेरो संघाच्या खात्यावर ८ सामन्यांत १२ गुण होते आणि पाच संघांच्या गटात क्रोएशिया व चेक प्रजासत्ताकाच्या खाली तिसरा क्रमांक होता.

या देशात माणसे राहतात जेमतेम पंचावन्न हजार. २०११च्या जनगणनेत चिपळूण शहराची लोकसंख्या भरली होती, साधारण तेवढीच. त्यामुळे असा निकाल लागला की बातम्यांत ‘चमत्कार’ हा शब्द ठरलेला असतो. आम्हाला तो पटत नाही. या संघाचा चढउतार मैदानाशी बांधलेला आहे. जिथे सपाट जमीनच नाही तिथे खेळायला जागा कशी केली, हे पाहिले की बरेचसे निकाल उलगडतात.

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात ही १८ बेटे आहेत. सगळी मिळून १,३९९ चौरस किलोमीटर. काळ्या बेसॉल्टचे कडे, त्यावर मातीचा पातळ थर, वर्षभर वारा आणि पाऊस. सपाट जागा सापडते ती किनाऱ्यालगत, आणि तिच्यावर गाव, धक्का आणि मेंढ्यांसाठी वाळवायचे गवत या सगळ्यांचा आधी हक्क. तरीही खेळ लवकर रुजला. त्वोरोयरी गावचा टीबी हा क्लब १८९२चा, क्लाक्सविकचा केआय आणि राजधानीचा एचबी हे दोन्ही १९०४चे. १९३०मध्ये शेजारच्या शेटलंड बेटांशी पहिला सामना झाला. राष्ट्रीय लीग १९४२मध्ये सुरू झाली, तीही युद्ध चालू असताना. एप्रिल १९४०पासून बेटांवर ब्रिटिश सैन्य होते. १९४४ची लीग मात्र झाली नाही, कारण खेळायला पुरेसे चेंडूच मिळाले नाहीत.

मैदाने होती खडीची. डोंगराची कड फोडायची, निघालेला दगड पसरून जागा सपाट करायची, वर बारीक खडी दाबून बसवायची. पाणी झटकन निचरून जाते, हा तिचा मोठा गुण. पण चेंडू टणकन उसळतो, पायात थांबत नाही. घसरून चेंडू काढायला जावे तर मांडी सोलून निघते. अशा जमिनीवर वाढलेला खेळाडू उभ्याने बचाव करायला शिकतो आणि चेंडू लवकर सोडायला शिकतो. एय्दी गावातले समुद्राला खेटून असलेले जुने मैदान आज तंबूवाल्या पर्यटकांचा तळ झाले आहे.

फेरोची फुटबॉल संघटना १३ जानेवारी १९७९ रोजी स्थापन झाली. बेटे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असली, तरी १९४८पासून त्यांना स्वशासन आहे. त्या आधारावर १९८८मध्ये फिफाचे आणि १९९०मध्ये यूएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाचे सदस्यत्व मिळाले. फिफाच्या मान्यतेचा पहिला सामना २४ ऑगस्ट १९८८ रोजी आइसलँडशी झाला आणि ०-१ असा गमावला. छोट्या बेटांच्या ‘आयलंड गेम्स’मध्ये १९८९ आणि १९९१ या दोन्ही वर्षी फुटबॉलचे सुवर्णपदक फेरोनेच नेले. सदस्यत्वाची ही वेळ फार मोलाची ठरली. पुढे यूएफाने नियम बदलला आणि संयुक्त राष्ट्रांनी स्वतंत्र मानलेल्या देशांनाच दार उघडे ठेवले. जिब्राल्टरने अर्ज आधी केलेला होता, तरी त्याला क्रीडा लवादापर्यंत जावे लागले आणि सदस्यत्व मिळाले ते २०१३मध्ये. ग्रीनलँडही डेन्मार्कच्याच छत्राखाली, लोकसंख्याही जवळपास तेवढीच. त्याला युरोपात जागा नाही आणि २०२५मध्ये उत्तर व मध्य अमेरिकेच्या महासंघानेही अर्ज फेटाळला. तिथल्या मुलांना विश्वचषकाचा पात्रता सामना खेळताच येत नाही. चांगल्या खेळाडूंच्या पिढ्या अशा दाराबाहेर उभ्या राहाव्यात, हे आम्हाला मुळीच न्याय्य वाटत नाही.

यूएफात शिरल्याबरोबर पहिला प्रश्न आला तो मैदानाचा. पात्रता सामन्याला नैसर्गिक गवत सक्तीचे होते आणि साऱ्या बेटांवर तसे एकही मैदान नव्हते. म्हणून १९९२च्या युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीतले फेरोचे सगळे ‘घरचे’ सामने स्वीडनच्या लँडस्क्रोना गावात झाले. १२ सप्टेंबर १९९० रोजी तिथे ऑस्ट्रिया आला. काही आठवड्यांपूर्वीच इटलीतला विश्वचषक खेळून परतलेला संघ, पोल्स्टर आणि हेर्त्सोग यांच्यासारखे खेळाडू. समोर नोकरी-धंदा सांभाळून खेळणारी मंडळी. प्रेक्षक तेराशेच्या आतच. दुसऱ्या अर्धात, तासाभराचा खेळ झाल्यावर, तोरकिल निल्सनने चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि गोल केला. तो लाकूड विकणाऱ्या पेढीत विक्रेता होता आणि बुद्धिबळात राष्ट्रीय विजेता. मागे गोलपोस्टमध्ये येन्स मार्टिन क्नुडसन, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी. मासळीच्या कारखान्यात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. किशोरवयात डोक्याला मार बसल्यापासून, टोपी घातल्याशिवाय खेळायचे नाही, असा आईचा दंडक होता. सामना १-० सुटला. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांनी पद सोडले.

त्या विजयामागे आइसलँडचे प्रशिक्षक पाल गुडलॉगसन यांची आखणी होती: दहा माणसे आपल्या अर्धात, ओळींमध्ये फट नाही, आणि चेंडू मिळाला की थेट पुढे. पण अशी पद्धत एका रात्री जमते, आठही वेळा जमत नाही. युगोस्लाव्हियाने बेलग्रेडमध्ये सात गोल केले. बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडला १-१ रोखले, एवढीच पुढची कमाई. फेरी संपली तेव्हा एक विजय, एक बरोबरी, सहा पराभव. ३ गोल केले, २६ खाल्ले. त्याच गटातला डेन्मार्क युगोस्लाव्हियावर बंदी आल्यामुळे ऐनवेळी स्पर्धेत गेला आणि युरोपचा विजेता झाला. त्या विजेत्या संघाचा कर्णधार होता लार्स ओल्सेन. हे नाव पुढे पुन्हा येईल.

लँडस्क्रोनाच्या विजयाने घरच्या मैदानाचे काम तडीला नेले. एस्तुरोय बेटावरच्या तोफ्तिर या आठशे-हजार वस्तीच्या गावाच्या वरच्या बाजूला सुरुंग लावून डोंगरउतार फोडला आणि त्या कपारीत गवताचे मैदान केले. त्याचे नाव स्वांगास्कार. इथे पाहुण्या संघाची परीक्षा प्रवासातच सुरू व्हायची. विमानतळ वागार बेटावर, ब्रिटिश सैन्याने युद्धात बांधलेला. धावपट्टी १,२५० मीटरची, त्यामुळे मोठी विमाने उतरत नसत, आणि धुके पडले की विमान दुसरीकडे वळायचे. तिथून राजधानीच्या बेटावर यायला २००२चा समुद्राखालचा बोगदा होईपर्यंत फेरीबोट धरावी लागे. धावपट्टी १,७९९ मीटर झाली ती २०११मध्ये.

१९७७चा बॅलन डी’ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवलेला डॅनिश खेळाडू आलान सिमॉनसेन १९९४मध्ये प्रशिक्षक झाला आणि २००१पर्यंत राहिला. सान मारिनो, माल्टा आणि लक्झेंबर्ग या बरोबरीच्या संघांना त्याने घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवून दाखवले. छोट्या संघाची खरी प्रगती आम्ही इथे मोजतो. मोठ्या संघाविरुद्धचा एखादा विजय वर्षानुवर्षे आठवणीत राहतो, पण सवय लागते ती बरोबरीच्यांना नियमाने हरवण्याची. स्वांगास्कारवर स्कॉटलंडला १९९९मध्ये १-१ आणि २००२मध्ये २-२ असे रोखले. त्या दुसऱ्या सामन्यात जॉन पेटरसनने सुरुवातीलाच दोन गोल केले होते.

मग घसरण झाली. युरो २००८च्या पात्रता फेरीत बाराही सामने गमावले; ४ गोल केले, ४३ खाल्ले. कारण साधे आहे. पन्नास हजारांच्या आतबाहेरच्या लोकसंख्येत खेळायच्या वयाचे पुरुष काही हजारच निघतात. त्यातून एका वयाचे चार-पाच चांगले खेळाडू एकदम निवृत्त झाले तर त्यांच्या जागी उभे करायला तयार माणूस नसतो. मोठ्या देशाला एखाद्या पिढीचा दुष्काळ झाकता येतो. इथे तो लगेच गुणतक्त्यात दिसतो. त्यात डेन्मार्कचाही पर्याय असतो. पासपोर्ट डॅनिशच, त्यामुळे बेटांवर जन्मलेल्या किंवा आईवडील-आजीआजोबा तिथले असलेल्या मुलाला दोन्हीपैकी एका संघाची निवड करता येते.

याच सुमारास जमीन पुन्हा बदलली. २००४मध्ये फुटबॉलच्या नियमांत कृत्रिम गवताला अधिकृत जागा मिळाली. ज्या नियमाने या संघाला स्वीडनला धाडले होते तो सैल झाला, आणि फेरोच्या गावांनी ही संधी दोन्ही हातांनी घेतली. खडीची मैदाने होतीच. निचरा आधीच उत्तम, फक्त वरचा थर बदलायचा होता. दगडी पायावर छिद्रे असलेला धक्काशोषक थर, त्यावर चार ते सहा सेंटिमीटर उंच पात्यांचा गालिचा, पात्यांच्या मुळाशी वजनासाठी वाळू आणि तिच्यावर रबराचे दाणे. डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम पाच तास. तेव्हा नैसर्गिक गवत वाढतही नाही आणि झीज भरूनही काढत नाही. या गालिच्यावर मात्र दिवे लावून शाळेची मुले दुपारपासून आणि मोठी माणसे रात्रीपर्यंत खेळू शकतात. सरावाचे तास वाढले, आणि चेंडू एकसारखा उसळत असल्याने पायात चेंडू घेऊन खेळणारी मुले तयार होऊ लागली.

गालिचा टाकून काम संपत नाही. जोराच्या पावसाने रबराचे दाणे कडेच्या गटारांकडे वाहतात, वारा ते एका बाजूला लोटतो. पेनल्टीची खूण, गोलपुढची जागा आणि कॉर्नर इथले दाणे आधी कमी होतात. मग पाती आडवी पडतात, बूट घसरतो आणि गुडघ्यावर ताण येतो. म्हणून यंत्राने ब्रश फिरवून पाती उभी करायची, त्या जागांवर दाणे पुन्हा भरायचे आणि दबून घट्ट झालेला थर मोकळा करायचा, हे नियमाने करावे लागते. हयगय झाली की चेंडू खडीवर उसळायचा तसाच उसळायला लागतो. गालिचा साधारण दहा वर्षांत बदलावा लागतो, आणि एवढ्याशा गावाला तो खर्च जड जातो.

वाऱ्यावर मात्र कुठलाही गालिचा चालत नाही. आडोशाला झाडे नाहीत. वाऱ्याविरुद्ध उंच मारलेली गोलकिक मध्यरेषेपर्यंतही पोचत नाही, आणि वाऱ्याच्या दिशेने जोरात मारली तर सरळ समोरच्या गोलरेषेबाहेर जाते. घरचे खेळाडू चेंडू जमिनीलगत ठेवतात, वाऱ्याच्या बाजूचा कॉर्नर थेट गोलच्या तोंडावर वळवतात आणि मागच्या पासवर थोडा जास्त जोर देतात. पाहुण्यांना याचा अंदाज येईपर्यंत अर्धा सामना सरतो.

२००९ ते २०११ प्रशिक्षक होते आयर्लंडचे ब्रायन कर. त्यांच्या काळात लिथुआनियाला २-१ आणि एस्टोनियाला २-० हरवले. नंतर आले लार्स ओल्सेन, १९९२च्या डॅनिश संघाचे तेच कर्णधार. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांच्या संघाने ग्रीसला ग्रीसमध्येच १-० हरवले. गोल योआन सिमुन एडमुंडसनचा. क्रमवारीत ग्रीस तेव्हा १८वा आणि फेरो १८७वा. ग्रीसचे प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांना लगेच नारळ मिळाला. जून २०१५मध्ये तोरशाव्नला ग्रीस पुन्हा २-१ हरला, म्हणजे पहिला निकाल नशिबाचा नव्हता. गट संपला तेव्हा तळाला ग्रीस होता आणि त्याच्या वर फेरो. त्याच वर्षी फेरो जागतिक क्रमवारीत ७४व्या स्थानावर पोचला. २०१८च्या विश्वचषक पात्रतेत ९ गुण आणि गटात चौथा क्रमांक. युरो २००८च्या शून्याशी ताडून पाहावे.

स्वीडनच्या होकान एरिक्सन यांच्या हाताखाली नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या तळच्या विभागात २०२०मध्ये एकही सामना न गमावता बढती मिळाली, आणि २५ सप्टेंबर २०२२ रोजी तुर्कीवर २-१ विजय. क्लबही मागे नव्हते. २०२३मध्ये क्लाक्सविकच्या केआयने बुडापेस्टमध्ये फेरेंत्सवारोशला ३-० धूळ चारली, स्वीडनच्या हॅकनला पेनल्टींवर बाहेर काढले आणि युरोपीय स्पर्धेच्या गटफेरीत जाणारा फेरोचा पहिला क्लब ठरला. कॉन्फरन्स लीग या स्पर्धेच्या त्या गटात फ्रान्सच्या लिलशी ०-० बरोबरी झाली आणि लुब्लियानाच्या ऑलिंपियाला ३-० हरवले. २०२५च्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक एय्डुन क्लाकस्टाइन हे बेटांवरचेच.

तोर्सव्हॉलुर हे १९९९मध्ये उघडलेले राजधानीचे मैदान आज सुमारे पाच हजार प्रेक्षकांचे आहे. ते भरले की देशाचा जवळपास अकरावा हिस्सा तिथे बसलेला असतो. चेक संघाविरुद्ध हानुस सोरेनसनचा गोल, ८०व्या मिनिटाच्या आत चेकची बरोबरी, आणि तीनच मिनिटांत मार्टिन आग्नारसनचा विजयी गोल, हे सारे तिथेच घडले. परगावी अजून तेवढे साधत नाही. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी रियेकामध्ये फेरोने क्रोएशियावर आधी आघाडी घेतली, पण सामना ३-१ असा निसटला आणि दुसऱ्या क्रमांकाची आशा मावळली. क्रोएशियाने दुसऱ्या अर्धात बाकावरून उतरवलेले खेळाडू मोठ्या लीगमधले होते. फेरोच्या बाकावर त्या तोडीचा पर्याय नव्हता, आणि संघटनेच्या पुढच्या कामाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.